खटला थांबवणारी वाक्ये

फौजदारी अर्जाच्या पहिल्या पानावर नावे कशी मांडलेली असतात, हे आपण सहसा पाहत नाही. वकील पाहतात तेही चूक राहू नये म्हणून. पण नवराबायकोचे भांडण मिटल्यावर गुन्हा रद्द व्हावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जो अर्ज येतो, त्याचे पहिले पान सावकाश वाचावे असे आहे. वर अर्जदार: पती, त्याच्याखाली सासरा, सासू, कधी दीर, कधी लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदत असलेली नणंद. मध्ये एकटाच शब्द, विरुद्ध. खाली प्रतिवादी क्रमांक १, महाराष्ट्र राज्य, अमुक पोलीस ठाण्यामार्फत. आणि त्याखाली प्रतिवादी क्रमांक २, जिने फिर्याद दिली ती पत्नी. एका लग्नाच्या पत्रिकेत जी नावे एकत्र छापली गेली होती, तीच इथे पुन्हा एका पानावर आली आहेत. गंमत अशी की मधला तो ‘विरुद्ध’ आता केवळ रिवाजापुरता उरलेला असतो, कारण वरच्यांना जे हवे आहे तेच खालच्या क्रमांक २ लाही हवे असते. दोन्ही पक्षांनी एकच मागणे मागावे आणि तरीही कागदाने त्यांना समोरासमोर उभे करावे, असा प्रसंग न्यायालयात विरळाच.

या पानावर आपण एक कल्पित पत्ता घालून पाहू. माहेर रामवाडी, पेणजवळची, एसटीमुळे जिल्हाभर ओळखीची, सासर रोहा. फिर्याद पेण पोलीस ठाण्यात, कलम ४९८-अ, म्हणजे पतीची व सासरच्यांची क्रूरता. दोन वर्षे तारखा झाल्या. मग दोन्हीकडची चार शहाणी माणसे बसली, स्त्रीधन परत द्यायचे ठरले, मुलाचे काय ते ठरले, रक्कम ठरली, तडजोडपत्रावर सह्या झाल्या. मिटले, असे सगळे म्हणाले. आणि मग वकिलांनी चष्मा काढून सांगितले, ‘‘हे इथे मिटत नाही. हायकोर्टात क्वॅश करावं लागेल.’’

इथून आपल्या रसग्रहणाचा विषय सुरू होतो. घरात मिटलेले कायद्यात का मिटत नाही, आणि मिटवण्यासाठी कायद्याने कोणती वाक्ये घडवली, हे वाचताना मला एखादी बांधेसूद रचना वाचल्याचे समाधान मिळत आले आहे. ते आपल्याशी वाटून घ्यावे एवढाच या लेखाचा हेतू.

अडचण ज्या कलमाने होते ते आधी पाहू. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२० म्हणजे दोन तक्ते. एका तक्त्यातले गुन्हे ज्याचे नुकसान झाले तो माणूस स्वतः मिटवू शकतो. दुसऱ्यातले न्यायालयाची परवानगी घेऊन. आणि तक्ते संपल्यावर नववे पोटकलम दार लावून घेते: या कलमात सांगितल्याखेरीज कोणताही गुन्हा मिटवता येणार नाही. ४९८-अ दोन्ही तक्त्यांत नाही. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ते कलम आले ते हुंड्यापायी छळलेल्या, जाळलेल्या सुनांच्या बातम्यांनी देश हादरला होता म्हणून. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा दखलपात्र, जामीन हक्काने मिळणार नाही, आणि तडजोडीला वाव नाही. या कठोरपणामागची करुणा आपण विसरू नये. ज्या घरात सून एकटी आणि बाकीचे सगळे एका बाजूला, तिथे ‘मिटवून टाक’ हा सल्ला बहुधा धमकीचेच सौम्य रूप असतो, आणि म्हणूनच कायद्याने तिच्या हातून ते दार काढून घेतले. पण तेच दार, तिलाच बाहेर पडायचे असताना, कसे उघडावे?

याचे उत्तर संहितेच्या दुसऱ्या टोकाला, कलम ४८२ मध्ये आहे, आणि त्या वाक्याची ठेवण पाहण्यासारखी आहे. ते उच्च न्यायालयाला काहीच देत नाही. ते एवढेच सांगते की, उच्च न्यायालयाजवळ जे अंगभूत अधिकार आहेत त्यांना या संहितेतील कशानेही मर्यादा पडते असे समजू नये. आणि ते अधिकार कशासाठी, तर संहितेखालच्या आदेशाची अंमलबजावणी व्हावी, कोणत्याही न्यायालयाच्या प्रक्रियेचा दुरुपयोग टळावा, किंवा एरवीही न्यायाचे उद्दिष्ट साधले जावे म्हणून. शेकडो कलमांची संहिता, पायरीपायरीने बांधलेली, कुठे कोण काय करील हे ठरवून देणारी. आणि तिच्या अगदी शेवटाशी आल्यावर ती स्वतःच नम्र होऊन म्हणते की, माझ्या बांधणीतून काही निसटले असेल तर ते सावरण्याची शक्ती माझ्याआधीपासून तिथे होती, मी तिला हात लावलेला नाही. हे वाक्य मुळात १८९८ च्या संहितेत १९२३ साली कलम ५६१-अ म्हणून आले. एवढ्या वर्षांत त्याचे बाह्यरूप जवळजवळ तेच राहिले आणि आशय मात्र प्रत्येक पिढीच्या दुःखाबरोबर विस्तारत गेला. कायद्याच्या भाषेला रूक्ष म्हणण्याची आपल्याला सवय आहे. या एका वाक्यासाठी तरी ती सोडावी.

या अधिकाराच्या वाटेवर एक टप्पा आपल्या रायगड जिल्ह्याशी जोडलेला आहे. १९७४ मध्ये समाजवादी नेते मधु लिमये यांनी बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्यावर आरोप केले. अंतुले त्या वेळी महाराष्ट्राचे विधिमंत्री होते. आंबेतचे हे अंतुले पुढे मुख्यमंत्री झाले आणि १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्या आरोपांवरून झालेला बदनामीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ च्या ‘मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात अंगभूत अधिकार कधी वापरावा याची शिस्त सांगितली गेली: विशिष्ट तरतूद असेल तर नको, काटकसरीने वापरावा, आणि संहितेने स्पष्ट मनाई केली असेल तिच्याविरुद्ध वापरू नये. शिस्त उत्तमच होती. तिचा तिसरा नियम मात्र पुढे पंचवीस वर्षांनी एका दांपत्याच्या वाटेत आडवा आला.

ते प्रकरण ‘बी. एस. जोशी विरुद्ध हरियाणा राज्य’. मार्च २००३, न्यायमूर्ती वाय. के. सभरवाल आणि न्यायमूर्ती एच. के. सेमा. लग्न १९९९ चे, वर्षभरात ताटातूट, २००२ च्या जानेवारीत फिर्याद. नंतर दोघांनी संमतीने विभक्त व्हायचे ठरवले आणि पत्नीने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की स्वभाव जुळले नाहीत, त्यातून हे सगळे झाले, आता खटला नको. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने मधु लिमये निकालाकडे बोट दाखवून नकार दिला: गुन्हा मिटवता येणारा नाही, तेव्हा रद्दही करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो नकार बदलला. हे कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. आपल्याला पाहायचे आहे ते कसे बदलला.

निकालाच्या मध्यावर न्यायमूर्ती विधाने करायचे थांबवतात आणि प्रश्न विचारू लागतात. पत्नीच आता आरोपांना पुष्टी देणार नसेल, तर खटल्याचे पुढे होणार काय? पुराव्याअभावी दोषसिद्धीची शक्यता जवळपास उरली नसेल, तरीही रद्द करायला नकार द्यायचा का? आणि का, तर मिटवता न येणारा गुन्हा मिटवू दिल्यासारखे होईल म्हणून? प्रश्नावर प्रश्न, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा लांब, आणि वाचता वाचता आपण स्वतःच उत्तर देऊ लागतो. मग उत्तर येते ते अगदी छोटे: नकारार्थी. युक्तिवादाचा एवढा विस्तार आणि निर्णयाचा एवढा संकोच, यातला तोल मला फार आवडतो. ज्याने निर्णय कसा लिहावा याचा विचार केला आहे, अशाच हाताला तो साधतो.

पण निकालाचा प्राण याच्या पुढच्या परिच्छेदात आहे. इथवर युक्तिवाद व्यवहाराचा होता: खटला टिकणार नाही, मग चालवावा कशाला. इथे न्यायमूर्ती ४९८-अ च्या जन्माकडे वळतात. हे कलम कशासाठी आले? स्त्रीचा छळ थांबावा म्हणून. मग त्याचा अति-तांत्रिक अर्थ लावला आणि समेटानंतरही खटला चालूच ठेवला, तर तो अर्थ कोणाच्या विरुद्ध जाईल? त्याच स्त्रीच्या. कारण एकदा खटला सुरू झाला की तो थांबतच नाही, असे दिसले तर समेटाची वाटच तिला बंद होईल. आपण इथे क्षणभर थांबावे. ज्या कठोरपणाचे समर्थन स्त्रीच्या रक्षणाने केले जात होते, त्याच रक्षणाच्या नावाने तो कठोरपणा शिथिल केला गेला. कायद्याचा हेतू कुठेही बाजूला सारलेला नाही, उलट त्यालाच साक्षीला उभे केले आहे. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात सगळी रंगकामे उरकल्यावर जाणता कारागीर बारीक कुंचल्याने मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतो आणि तोवर मातीची असलेली मूर्ती पाहू लागते, तसे या परिच्छेदाने अख्ख्या निकालाचे होते.

याच निकालात दोन जुने आवाजही ऐकू येतात. एक २००० सालच्या ‘जी. व्ही. राव’ प्रकरणातला, वडीलधाऱ्या माणसाचा: लग्नाची भांडणे न्यायालयात वर्षानुवर्षे लढण्यात या मुलांचे तरुण दिवस निघून जातात, त्यापेक्षा त्यांनी आपापल्या चुका पाहून सलोख्याने मिटवावे. निकालपत्रात ‘तरुण दिवस’ ही गोष्ट मोजली जावी, याचे मला अप्रूप वाटते. नुकसानभरपाईच्या कोणत्याही कोष्टकात तिला रकाना नाही. दुसरा आवाज १९८८ च्या शिंदे आणि आंग्रे या दोन मराठी घराण्यांमधल्या विश्वस्त मालमत्तेच्या वादातला. त्यातले आंग्रे नाव वाचताना रायगडकराचे लक्ष अलिबागच्या समुद्राकडे जाणारच. भांडण महालातले, पण त्यातून निघालेला विचार सामान्यांच्या कामी आला: प्रकरणाची खास वैशिष्ट्ये पाहावीत, आणि दोषसिद्धीची आशा अंधुक असेल, खटला चालू ठेवून काही साधणार नसेल, तर न्यायालयाने तो थांबवावा.

पुढची वाटचाल थोडक्यात. २०१० मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाला शंका आली की मिटवता न येणारे गुन्हे अशा रीतीने मागच्या दाराने मिटवले जात आहेत की काय. शंका योग्यच होती. तिचे निरसन २०१२ च्या सप्टेंबरमध्ये ‘ग्यान सिंग’ निकालात न्यायमूर्ती आर. एम. लोढा यांच्या त्रिसदस्यीय पीठाने केले: गुन्हा मिटवणे निराळे आणि उच्च न्यायालयाने अंगभूत अधिकारात तो रद्द करणे निराळे, खून, बलात्कार, दरोडा यांत पक्षकारांचे जुळले तरी समाजाचे जुळलेले नसते, तिथे हा अधिकार नाही, पण विवाहातून, हुंड्यातून, घरातून उगवलेल्या वादात अन्याय मुख्यतः खासगी असतो, तिथे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही २००८ मध्ये याच विषयाचा ऊहापोह केला होता.

आता न्यायालयाच्या त्या खोलीत जाऊ, कारण या साऱ्या वाक्यांची परीक्षा तिथे होते. पुकारा होतो. प्रतिवादी क्रमांक २ पुढे येते. तिचे वकील तिची ओळख पटवतात. न्यायमूर्ती तिला स्वतः विचारतात: प्रतिज्ञापत्र वाचले का, समजले का, सही आपल्या मनाने केली का, कोणाचा दबाव नाही ना. मराठी बोलणारी असेल तर मराठीत विचारतात. ती हो म्हणते, आणि आदेशात एक ओळ उतरते: आम्ही तिच्याशी बोललो, ती स्वेच्छेने आली आहे. ही ओळ शेकडो आदेशांत जवळपास सारखीच आढळेल, आणि म्हणूनच वाचकाची नजर तिच्यावरून घसरते. मला ती संपूर्ण आदेशाचा कणा वाटते. फिर्याद देताना तिचे म्हणणे हवालदाराने लिहिले होते, दोषारोपपत्रात ते पोलिसांच्या भाषेत गेले, तडजोडपत्रात वकिलांच्या. इथे पहिल्यांदा कोणीतरी मधला माणूस न ठेवता तिला विचारतो की, बाई, तुम्हाला काय हवे आहे. ज्या दिवशी हा प्रश्न उरकण्यापुरता विचारला जाईल, त्या दिवशी वरची सगळी सुंदर वाक्ये पोकळ होतील, हेही इथेच म्हणायला हवे. समेटाच्या नावाखाली थकवलेली, माहेरच्यांनी रेटलेली बाई त्या खोलीत उभी असू शकते, आणि तिला ओळखण्याचे साधन त्या प्रश्नाखेरीज दुसरे नाही.

मग आदेशाचा शेवट. मुंबई उच्च न्यायालयाची एक जुनी रीत आहे: ‘रूल’, म्हणजे अर्ज सुनावणीला दाखल करून घेतल्याचा आदेश, काढला जातो, पक्षकारांच्या संमतीने तो तत्क्षणी सुनावणीला घेतला जातो आणि अखेरीस ‘रूल मेड ॲब्सोल्यूट’ म्हणून अर्ज मंजूर होतो. एरवी रूल निघणे आणि निकाली लागणे यांत वर्षे जातात. इथे ती दोन्ही वाक्ये एकाच आदेशात, काही परिच्छेदांच्या अंतराने भेटतात. रोह्याच्या त्या सासूचे, दुसऱ्या गावी नांदणाऱ्या नणंदेचे नाव त्या ओळीसरशी आरोपींच्या यादीतून उतरते.

रोहा म्हटल्यावर आणखी एक धागा हाती येतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या मातीतले, वकिलाचे चिरंजीव. १९५३ च्या जानेवारीत त्यांचा दुर्गाबाईंशी विवाह झाला, आणि त्याच वर्षी चीनच्या दौऱ्यात दुर्गाबाईंनी तिथली कुटुंब न्यायालये पाहिली. परत आल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्याशी चर्चा केली आणि पंडित नेहरूंपुढे प्रस्ताव ठेवला की घरातल्या वादांसाठी वेगळी, समेटाकडे कल असलेली न्यायालये हवीत. कायदा व्हायला १९८४ उजाडले. रोह्याच्या या सूनबाईंनी मांडलेला विचार फौजदारी बाजूला पोहोचायला आणखी वेळ लागला: २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात, मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी लिहिले की समेटाची शक्यता दिसत असेल तर ४९८-अ ची प्रकरणेही मध्यस्थी केंद्राकडे पाठवावीत, मात्र कलमाची धार आणि उद्देश बोथट होऊ न देता.

आणि आता ज्या परिच्छेदाने मला हा लेख लिहायला लावले तो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्यापुढे असाच एक संमतीचा अर्ज आला. अर्ज मंजूर झाला; पण तेवढ्यावर न थांबता खंडपीठाने लिहिले की संमतीने ४९८-अ रद्द करण्याचे किमान दहा अर्ज आमच्यापुढे रोज येतात; पक्षकारांना, ते जिथे राहत असतील तिथून, अगदी खेड्यांतूनही, स्वतः इथे यावे लागते; प्रवासाचा खर्च, खटल्याचा खर्च, शहरात मुक्कामाचा खर्च, आणि नोकरी असेल तर एक दिवसाची रजा. म्हणून हा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येईल असा करावा, हे केंद्राच्या लक्षात आणून द्या. या यादीतला तो रजेचा दिवस आपण पाहावा. घटनात्मक न्यायालयाच्या आदेशात, मोठमोठ्या तत्त्वांच्या शेजारी, कोणाचा तरी बुडालेला रोज लिहिला गेला आहे. ही नजर न्यायासनावरून खाली, सभागृहाच्या मागच्या बाकापर्यंत गेली, तिथे मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या माणसाच्या घरापर्यंत गेली, तेव्हाच हे वाक्य लिहिता आले.

रामवाडीहून निघणारीचा तो दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटेची एसटी किंवा रोह्याहून दिव्याकडे जाणारी गाडी, खारपाड्याचा पूल, कर्नाळ्याचा सुळका, पनवेल, मग लोकल, मग फोर्टातली ती १८७८ ची काळ्या दगडाची भव्य इमारत. त्याच पहाटे, त्याच रस्त्याने, बहुधा पुढच्या-मागच्या गाडीने तिच्या सासरची माणसेही निघालेली. बोर्डावर नंबर वर असेल तर दुपारपर्यंत सुटका, नाहीतर संध्याकाळ. आणि हे सगळे कशासाठी, तर पेणच्या न्यायालयात, घराजवळ, एका पुरसिशीवर, म्हणजे लेखी निवेदनावर, सही करून जे सांगता आले असते ते सांगण्यासाठी.

तसे करणे अशक्य आहे असेही नाही. आंध्र प्रदेशाने २००३ मध्येच आपल्यापुरती संहिता दुरुस्त करून ४९८-अ न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येईल असे केले, आणि त्यात एक विलक्षण समंजस अट घातली: समेटाचा अर्ज दिल्यापासून किमान तीन महिने जाऊ द्यायचे, आणि तेवढ्या काळात कोणी माघार घेतली नाही तरच समेट स्वीकारायचा. दबावाखाली दिलेला होकार तीन महिन्यांत डळमळतो, मनापासून दिलेला टिकतो. या एका अटीत स्त्रीचे रक्षण आणि तिचे स्वातंत्र्य दोन्ही सांभाळले आहे.

१ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या. ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली, ३२० चे ३५९ झाले, आणि उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे ते वाक्य कलम ५२८ मध्ये जवळपास जसेच्या तसे उतरले. पतीच्या व सासरच्या क्रूरतेचा गुन्हा मात्र नव्या तक्त्यांतही आला नाही. आपल्यापैकी जे वकील आहेत, आमदार-खासदारांच्या ओळखीचे आहेत, महिला संघटनांत काम करतात, त्यांनी त्या खंडपीठाचा तो परिच्छेद आणि आंध्रची ती तीन महिन्यांची अट एकत्र ठेवून वाचावी, आणि मिटलेले भांडण पेण, रोह्याच्या न्यायालयातच मिटावे, अशी दुरुस्ती मागावी.